चुन्यावरची रेघ

सोलापूरहून परत आले तर आळीतला पहिला प्रश्न, ‘चादर आणलीस का?’ दुसरा, ‘शेंगांची चटणी?’ चटणी आणली होती, ती दोन दिवसांत फस्त झाली. चादर आणली नाही. मी आणल्या त्या पाण्याच्या चोवीस बाटल्या, आणि त्यांना मी कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही. माणसं सोलापूरला जातात ती सिद्धेश्वराला, नाहीतर अक्कलकोट, तुळजापूर करायला. मी गेले होते सीना नदीचं पाणी बघायला, आणि देवदर्शनही झालं, पण ते भलत्याच ठिकाणी.

मी चिपळूणची. पाणी तपासणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. आमची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक फ्रीज आणि मी. तिथं एक दिवस वहीच्या कागदावर लिहिलेलं पत्र आलं. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावच्या बारा बायकांनी पाठवलेलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. मंद्रूपपासून नदीच्या अंगाला आहे, एवढं पुरे. त्यांच्या भाजीविषयी आधीच नको तेवढं बोलणं झालेलं आहे.

पत्रात लिहिलं होतं, ‘आमी बारा जणी नदीच्या पाण्यावर पालेभाजी करतो आन मंद्रूपच्या बाजारात इकतो. आता लोक नदीची भाजी म्हणून नावं ठेवाय लागलेत. पानाच्या कडा जळतात ते बी खरं हाय. पाणी वाईट असंल तर तसं सांगा, चांगलं असंल तर तसं लिहून द्या. दोनी चालंल. जेवणाची सोय हाय.’

त्या ‘दोनी चालंल’वर मी गेले. तीस वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना एकच हवं असतं, चांगलं आहे असं लिहून द्या. दोन्हीला तयार असलेलं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं.

नदीकडे

स्टेशनवरून मला न्यायला जब्बारभाईंची टमटम आली होती. जब्बारभाई सोलापूरचेच, साठीचे, दाढी मेंदीनं लाल केलेली. हे रोज त्या गावाकडच्या बायकांच्या पाट्या बाजाराला पोचवतात. माझ्या बाटल्यांचं खोकं त्यांनी स्वतःच्या सीटशेजारी ठेवलं आणि मला मागं बसवलं.

‘मैडम, इत्ती दूर से पानी देखने कू आये तुम?’ ते म्हणाले. ‘हमारे घर के नल कू पानी आया तो हम लोगां भी देखते खड़े रहते. तुम्हारे गांव में पानी नहीं क्या?’

मी म्हटलं, ‘आमच्याकडे इतकं आहे की बाजारपेठेत होडी चालवावी लागते कधीकधी.’

‘अल्ला! फिर थोड़ा लेके आना था ना.’

कोकणातल्या माणसाला देशावरची नदी बघून आधी दया येते. आमची वाशिष्ठी पावसाळ्यात घरात शिरते, उन्हाळ्यातही भरती-ओहोटीनं हलत राहते. सीना हिवाळ्यात हलत नाही. काळ्याभोर मातीचे उंच काठ, बाभळी, मध्ये बंधाऱ्यानं अडवलेलं हिरवट पाणी, आणि दोन्ही बाजूंना खांद्याएवढा शाळू. पण त्या पाण्यातून काठाकाठानं किती पाइप वर चढलेत ते मोजायला लागले तेव्हा दया पळाली. आमच्या नदीनं आम्हाला पूर आणि मासे दिले. ही उभा तालुका पोसते.

टमटम थांबली त्या घराच्या दारात महादेवी अक्का उभ्या होत्या. ठेंगणी, सावळी, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीचं इष्टलिंग, आणि आवाज असा की पलीकडच्या काठाला ऐकू जावा. ‘या म्याडम, या. ऊटा आयतु?’ आणि माझं तोंड बघून लगेच, ‘जेवला का म्हनतेय. हितं निम्मं कानडी, निम्मं मराटी. हळूहळू कळंल.’ बारा जणींच्या गटाच्या पुढारी याच. त्यांचे यजमान मल्लिनाथअण्णा मराठी बोलतात ते पाहुण्यांशी. म्हशीशी, बायकोशी आणि रागावल्यावर फक्त कानडी.

पहिल्याच जेवणात माझी फजिती झाली. ताटात पातळ, कुरकुरीत चकती आली. मी ती पापड समजून बाजूला ठेवली आणि भाकरीची वाट बघत बसले. सगळे माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेवटी अण्णा म्हणाले, ‘म्याडम, हीच भाकरी हाय.’ कडक भाकरी! महिना-महिना टिकते, दह्यात कुस्करायची, वर शेंगांची चटणी आणि कच्चं तेल. चव अशी की दुसरी मी मागून घेतली. पण खरं सांगते, शेवटचा भात आला नाही तेव्हा माझं कोकणी पोट हिरमुसलं. चौथ्या दिवशी अक्कांनी ते ओळखलं आणि माझ्यासाठी मुद्दाम भात टाकला.

पुस्तकातलं पाणी

पहिले दोन दिवस मी नदी पिंजून काढली. बंधाऱ्याच्या वर, खाली, या काठाला, त्या काठाला. थर्माकोलच्या तराफ्यावर अण्णा मला मधोमध नेत, आणि मी हातभर खोल बाटली बुडवून भरून घेत असे. पाण्यातले क्षार, आंबटपणा, विरघळलेली हवा हे जागच्या जागी कळतं. माझ्याकडे त्याची यंत्रं आहेत, खिशात मावणारी. बाकीचं प्रयोगशाळेत.

अक्कांचा मळा एका कोपऱ्यात आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला वरून येणारा ओढा, आणि दोन्ही मिळतात तिथं बाभळींच्या सावलीत एक डोह. त्यांच्या मोटारीचा पाइप त्या डोहात सोडलेला. ओढा मी थोडा चालून बघितला. ठणठणीत कोरडा, तळाला नुसती ओल. दगडांवर काळपट थर होता, तो मी शेवाळ म्हणून सोडून दिला. शेवाळ! तीस वर्षं पाणी तपासणाऱ्या बाईनं! पण ते पुढं.

‘ओढ्याला पानी फकस्त पावसात,’ अण्णा म्हणाले. मीही वहीत तसंच लिहिलं.

दोन दिवसांचे सगळे आकडे नीट आले. नदी गढूळ होती, गटारीचा थोडा अंश होता, तो कुठल्या नदीत नसतो आता? पण पानं जाळील असं त्यात काही नव्हतं. मी मनातल्या मनात अहवाल लिहूनसुद्धा टाकला.

वेळ अमावस्या

तिसऱ्या दिवशी वेळ अमावस्या होती. आमच्याकडे हा सण नाही, म्हणून जरा सांगते. त्या दिवशी गावात कुणीही राहत नाही, अख्खा गाव शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोप करायची, तिला इथं कोपी म्हणतात. तिच्यात पाच दगड चुन्यानं पांढरे करून मांडायचे. ते पाच पांडव. त्यांची पूजा, मग उभ्या पिकात आरोळ्या देत आंबील शिंपडायची, आणि मग जेवण. आणि जेवण असं की वर्षभर लोक त्याच्या आठवणी काढतात. बाजरीचे उंडे, आंबट भात, मडक्यात गार झालेली लसणाची आंबील, आणि सगळ्यात मानाची भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. शेतात असतील तेवढ्या पालेभाज्या, तूर, हरभरा, वाटाणा, सगळं बेसनात शिजवून केलेली दाट भाजी. ज्याच्या त्याच्या शेताची भज्जी वेगळी, आणि रस्त्यानं जाणारा कुणीही बोलावला तर नाही म्हणायचं नाही.

अक्कांची कोपी त्या डोहाच्या काठाला. सासऱ्यांच्या वेळेपासून तीच जागा. चार पांडव आत मावले. पाचवा, भीम, चांगला भोपळ्याएवढा, तो कोपीत मावत नाही म्हणून दरवर्षी दाराशी, पार पाण्याला टेकून असतो. अक्कांनी पहाटेच त्याला चुन्याचे दोन हात दिले होते. उन्हात तो असा झळकत होता की अण्णा म्हणाले, ‘भीमानं आज दाढी केलीया.’

लोक येत होते. अक्का प्रत्येकाला पानावर वाढत होत्या, ‘बर्री, कूडरी, बसा की!’ मी आंबिलीचा तिसरा पेला संपवत होते तेव्हा लक्षात आलं. लोक बसत होते, उंडा खात होते, आंबील मागून पीत होते. भज्जी पानातच राहत होती. कुणी एक घास चिवडून ठेवत होतं, कुणी वर उंड्याचा तुकडा झाकत होतं. अक्का ती पानं उचलत होत्या, आणि त्यांचा तो पलीकडच्या काठाला पोचणारा आवाज हळूहळू बसत गेला. मला असा संताप आला! सणाच्या दिवशी, बाईच्या दारात बसून!

मी भज्जी दोनदा मागून घेतली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘अक्का, मी दोन दिवस तुमचं पाणी तपासलंय. पाणी चांगलं आहे.’

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून वाफ्यातली मेथीची एक जुडी आणली आणि माझ्या हातात दिली. पानांच्या कडा तपकिरी, कागद विस्तवाला लागल्यासारख्या.

‘मग म्याडम, ह्ये कशानं?’

मी म्हटलं, ‘थंडीनं असेल. खतानं असेल.’

‘असंल,’ त्या म्हणाल्या. त्यांना ते पटलं नव्हतं, पण त्या पाहुण्याशी वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या.

मंद्रूपचा बाजार

अमावस्येनंतर दोन दिवसांनी बाजार. बाजाराच्या दिवशी गावात पुन्हा कुणी उरत नाही. बाया भाजी घेऊन, पुरुष जनावरं बघायला, म्हातारे गप्पा मारायला. मीही गेले, जब्बारभाईंच्या टमटममध्ये मेथीच्या पाट्यांमध्ये कोंबून.

मंद्रूपच्या बाजारात प्रत्येकीची जागा ठरलेली. कुठं लिहिलेलं नाही, पण मोडायची नाही. मात्र एक आहे, दोन बाजार बसला नाहीत की जागा दुसरीची. म्हणून अंगात ताप असला तरी बाया येऊन बसतात. अक्कांची जागा लिंबाच्या झाडाखाली, सासूकडून आलेली.

एक बाई आली, टोपलीत हात घातला, आणि विचारलं, ‘नदीची का?’

अक्कांनी मेथीची काडी मोडली, तोंडात टाकली आणि तिच्याकडे बघत चावली. ‘घे, खाल्ली. झालं समादान?’

ती बाई गेली ती गेलीच. दुसरी आली. पुन्हा काडी. दुपारपर्यंत अक्कांचे दात हिरवे झाले होते. चाळीस वर्षं भाजी विकणारी बाई, आणि दिवसभर म्हशीसारखा पाला चावत बसली होती. मला राहवेना. मी उठले आणि शाळेत शिकवतात तशी उभी राहून म्हणाले, ‘मी चिपळूणहून आलेय. माझं काम पाणी तपासायचं. हे पाणी मी स्वतः तपासलंय. बिनधास्त घ्या!’

आणि लोकांनी घेतली हो! चष्मा आणि परगावची बोली यांचा आपल्याकडे फार वचक. हिरव्या इरकलीतल्या एका बाईनं तर चार जुड्या उचलल्या. ‘म्याडम म्हनत्यात तर घेतो,’ म्हणाली. संध्याकाळी पाट्या रिकाम्या. येताना टमटममध्ये बाया गाणी म्हणत होत्या, जब्बारभाई हॉर्नवर ताल धरत होते, आणि मी मधोमध, आपण काय पराक्रम केला अशा थाटात बसलेली.

भीम

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होते तर अक्कांची हाक आली. हाक नव्हे, ओरडाच. मी तशीच ब्रश हातात घेऊन मळ्यात पळाले.

अक्का कोपीपाशी उभ्या होत्या. भीमाकडे बोट दाखवत होत्या.

तीन दिवसांपूर्वी ज्याला चुन्याचे दोन हात दिले होते, त्या पांढऱ्याशुभ्र दगडावर खालून वीतभर जांभळट काळा पट्टा होता. वरची कड अशी सरळ की जणू कुणी दोरी लावून रेघ मारलीय.

‘परवा मी फूल व्हायलं तवा न्हवती ही,’ अक्का म्हणाल्या. ‘काल सकाळी बाजाराला जाताना पाया पडून गेले, तवा बी न्हवती.’

म्हणजे काल. आम्ही सगळे बाजारात असताना. इथं पाणी चढलं होतं, वीतभर, आणि ते नदीचं नव्हतं. नदीकाठच्या बाकीच्या दगडांना काही झालं नव्हतं. मी ओढ्याकडे वळून बघितलं. तळाची ओल आज चिखल झाली होती. आणि त्या दगडांवरचं माझं शेवाळ नखानं खरवडलं तर तोच जांभळट रंग बोटाला लागला.

मागून मोटारीचा आवाज सुरू झाला. अण्णांनी बटण दाबलं होतं. पाणी सरीत पडायला लागलं. मी विचारलं, ‘आजच का पाणी देताय?’

‘बाजारासाटी भाजी काडली की दुसऱ्या दिवशी वाफा भिजवायचा,’ अक्का म्हणाल्या. ‘सासूबाईंपासून असंच हाय.’

मी यंत्र काढलं. दोन दिवस नदीच्या मधोमध हातभर खोल बुडवत होते तेच. या वेळी त्याला अक्कांच्या बादलीचा दोर बांधला, वजनाला एक गोटा लावला आणि डोहाच्या तळाला सोडलं, पाइपचं तोंड असतं तिथं. वर क्षाराचे आकडे नदीच्या कितीतरी पट दिसायला लागले आणि मी ओरडले, ‘मोटार बंद करा! अण्णा, बंद करा!’

अण्णा कानडीत काहीतरी ओरडले, पण मोटार बंद झाली.

क्षाराचं पाणी जड असतं. ते तळाला बसतं. वरून डोह नितळ, हातभर खोल घ्या, उत्तम. पण पाइप तळातलं ओढतो. मी पुस्तकात लिहिलंय तसं नदीचं पाणी मोजत होते, आणि अक्का डोहाच्या तळातलं पाणी पाजत होत्या. त्यांनी मला पान दाखवलं होतं, आणि मी म्हटलं थंडीनं असेल. तीस वर्षांत मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी तिथंच बांधावर बसले आणि म्हणाले, ‘अक्का, माझं चुकलं. काल मी बाजारात खोटं बोलले.’

‘खोटं न्हाय,’ अक्का म्हणाल्या. ‘अर्दवट बोलला.’ आणि माझ्या हातातला ब्रश बघून, ‘आदी तोंड धुऊन घ्या. घरच्या पान्यानं.’

ओढ्यानं वर

त्या दिवशी मी आणि जब्बारभाई ओढ्यानं वर चालत गेलो. वाटेत काटे, मध्ये एकदा जब्बारभाईंची चप्पल चिखलात गेली ती मिळालीच नाही. ‘नक्को ढूंढो मैडम, वो भी अब्बी जांभली हो गई होगी,’ म्हणाले आणि एक पाय उघडा टाकत चालत राहिले. कोस-दीड कोसावर झुडपांत एक पाइप ओढ्याच्या पोटात तोंड उघडून पडला होता. भोवतीचे दगड जांभळे. मागं कारखान्याचं उंच कंपाउंड. ते कुणाचं, ते माझ्या अहवालात आहे आणि जिथं द्यायचं तिथं दिलं आहे, म्हणून इथं लिहीत नाही. पण एवढं सांगते, सोडणारा अडाणी नव्हता. या भागात बाजाराच्या दिवशी नदीवर चिटपाखरू नसतं, हे त्याला बरोबर माहीत होतं.

संध्याकाळी अक्कांच्या अंगणात बाराही जणी जमल्या. मी सगळं सांगितलं. अक्का धरून ज्या पाच जणी त्या डोहातून पाणी घेतात त्यांची भाजी सध्या विकायची नाही, खायचीही नाही. डोह उपसून टाकायचा, वाफे बंधाऱ्याच्या वरच्या पाण्यानं तीन-चारदा धुवायचे, पाइप बंधाऱ्याच्या वर न्यायचा. मग मी पुन्हा तपासीन. तोवर नाही.

‘पाइप हलवायचा न्हवं?’ गौराबाई म्हणाल्या. गटातल्या सगळ्यात हुशार आणि अक्कांच्या जिवाभावाच्या. ‘मग गुपचूप हलवू की. बाजारात कशाला बोंबलायचं? काल कुटं लोकं घ्याय लागलेत. आता सांगितलं तर बाराच्या बारा जणींची भाजी गेली बगा. कुनाला कळतंय?’

खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर ते बरं वाटलं. माझं बाजारातलं भाषण झाकलं गेलं असतं.

अक्का म्हणाल्या, ‘कुनाला न्हाय कळलं तरी मला कळतंय की, गौरे. मी दात हिरवं करून लोकास्नी घातलंय ते.’

‘आगं, पन जागा जाईल तुजी! सासूची जागा!’

‘जागा कशी जाईल? मी बसनार की.’

‘भाजी नसताना?’

‘भाजी नसताना.’

गौराबाईंनी डोक्याला हात लावला. पण थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, ‘शाळू आल्यावर पाखरं राखाया बसतो न्हवं आपन माळ्यावर? मग बाजाराच्या दिवशी दोगी-तिगी पानी राखाया बसू. पैली पाळी माजी.’ आणि गोफण फिरवल्यासारखा हात फिरवून हसल्या. मी त्यांना बाटली कशी विसळायची, कशी भरायची, झाकण कसं लावायचं, चिठ्ठीवर वेळ कशी लिहायची हे शिकवलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना जे चार-चारदा सांगावं लागतं ते गौराबाईंनी एकदा ऐकून मला परत म्हणून दाखवलं.

माझं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. मी ते रद्द केलं. बाजारात जे मोठ्यानं बोलले होते ते बाजारातच मोठ्यानं मागं घ्यायला हवं होतं.

पुन्हा बाजार

पुढच्या बाजाराला बाकीच्या सात जणी आपल्या बंधाऱ्याच्या वरच्या पाण्याच्या भाजीच्या पाट्या घेऊन निघाल्या. गौराबाई आणि आणखी दोघी अण्णांबरोबर ओढ्याच्या तोंडाशी बसल्या, सोबतीला शेजारच्या मळ्यांतली चार-पाच माणसं. आणि टमटममध्ये अक्कांच्या शेजारी, गोणपाटात गुंडाळलेला, भीम.

‘इसका टिकट?’ जब्बारभाई म्हणाले.

‘मांडीवर बसतोय की,’ अक्का म्हणाल्या.

लिंबाखाली अक्कांनी रिकामी पाटी मांडली. पाटीत गोणपाट पसरलं, त्यावर भीम ठेवला, काळा पट्टा लोकांकडे करून. आणि बसल्या. मी पुन्हा उभी राहिले. म्हटलं, मागच्या बाजारी मी पाणी चांगलं आहे म्हणाले ते अर्धंच होतं. मी वरचं पाणी तपासलं, तळाचं नाही. पाच जणींच्या भाजीला वाईट पाणी गेलंय. चूक माझी आहे, यांची नाही.

हिरव्या इरकलीतली बाई गर्दीतून पुढं आली. ‘तुमच्या सांगन्यावर घेतली की वो म्याडम! पोरास्नी घातली!’ मी हात जोडले. पोरांना काही झालं का विचारलं. काही झालं नव्हतं. एका वेळच्या भाजीनं होतही नाही, हे रोज-रोजचं दुखणं आहे, हे मी तिला नीट समजावलं आणि माझा फोन नंबर दिला. तिनं तो घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिचं बरोबरच होतं.

दुपारी जब्बारभाईंच्या फोनवर अण्णांचा फोन आला. जब्बारभाईंनी तो सगळ्यांना ऐकू जावा म्हणून हातभर लांब धरला.

‘आलं!’ अण्णा ओरडत होते. ‘जांबळं पानी आलं! गौराबाईनं साऽ बाटल्या भरल्या! धा मानसांनी डोळ्यांनी बगितलंय!’ मग पुढं सगळं कानडी.

बाराही पाट्यांवर भाजी असती तरी त्या दिवशी लिंबाखाली जेवढी गर्दी झाली तेवढी झाली नसती. जो तो वाकून दगड बघत होता, एकमेकाला रेघ दाखवत होता. वरच्या पाण्याची भाजी थोडीच खपली, काही बायकांनी तीही घेतली नाही, आणि गौराबाईंचं म्हणणं निम्मं खरं ठरलं. अक्का हलल्या नाहीत. विचारील त्याला तेच सांगत होत्या, तेवढ्याच आवाजात. त्यांचे दात त्या दिवशी पांढरे होते.

चारच्या सुमाराला एक म्हातारी आली. पार वाकलेली, डोळ्यांनी कमी. चुन्याचा दगड दिसला तशी तिनं सवयीनं डोक्यावर पदर घेतला, कनवटीची हळदीची पुडी सोडली आणि भीमाला बोट लावायला खाली बसली.

अक्कांनी तिचा हात धरला. ‘आज्जे, पाया मागनं पड. आदी बग.’

म्हातारीनं चेहरा दगडाजवळ नेला. रेघेवरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं, आणि मग अक्कांकडे बघितलं.

‘ह्ये खात हुतो व्हय गं आपुन?’

‘व्हय,’ अक्का म्हणाल्या. ‘आन मी इकत हुते.’

म्हातारीनं हळदीची पुडी पुन्हा बांधली, कनवटीला खोचली, आणि रिकाम्या पाटीशेजारी अक्कांना टेकून बसली. बाजार उठेपर्यंत ती तिथंच होती.